सवुक्कूची सुई

ही गोष्ट दोन हजार तेवीस सालच्या उन्हाळ्यातली. गज वादळ येऊन गेल्याला तोवर पाचवं वर्ष लागलं होतं, तरी तंजावूरजवळच्या ओरत्तनाडूच्या बाजूला लोक अजून प्रत्येक गोष्ट गजच्या आधीची की नंतरची, असंच सांगत. तेन्नमंगुडी गावात पिढ्यानपिढ्या राहिलेल्या मराठी घरातल्या ताराबाईंच्या तोप्पूतले, म्हणजे मळ्यातले, नारळ गजच्या आधीचे. सासऱ्यांनी लावलेले, दोरीनं अंतर मोजून. वादळात ते सगळे एकाच दिशेला उताणे पडले. मग त्या जागी सवुक्कु लावला. महाराष्ट्रातली माणसं ज्याला सुरू म्हणतात तेच हे झाड. पानं म्हणजे बारीक सुयाच, आणि वारा आला की समुद्रासारखं सूं सूं करणार. तमिळमध्ये चाबकालाही सवुक्कूच म्हणतात. त्या वर्षी ताराबाईंच्या पाठीवर तो कितीदा बसला याची गणती नाही.

झालं असं, की चित्रै महिना, म्हणजे एप्रिल-मे, लागला आणि झाडं आतून तांबूस पडायला लागली. सकाळी ताराबाई झाडू घेऊन तोप्पूत जात, खाली गाद्या घातल्यासारख्या सुया पडलेल्या असत. लोटून कोपऱ्यात ढीग करीत. दुपारी पाहावं तर पुन्हा तेवढ्याच.

"तारा, अग हे झाड टक्कल पडल्यासारखं दिसतं की," त्यांचे यजमान सुब्रह्मण्यराव म्हणाले. हातात पितळी पेला, कॉफी निवून गेलेली.

"ऊन बघा की कसं आहे. माणसाचे केस गळतात, झाडाचे का गळू नयेत?"

"बारा महिने हिरवं राहणारं झाड आहे हे. त्याच्या सुया गळायच्या नसतात. हा फॉल्ट आहे."

सुब्रह्मण्यरावांनी वीज मंडळात लाईन इन्स्पेक्टर म्हणून जन्म काढला होता. तार तुटली की खांबावर माणूस चढलाच पाहिजे. कुठलीही गोष्ट आपली आपण दुरुस्त होते, यावर त्यांचा विश्वास नव्हता. निवृत्त झाल्यापासून घरात नळ, घड्याळ, मिक्सर, देवघरातला दिवा, एकही वस्तू त्यांच्या हातून सुटली नव्हती. चालू घड्याळ त्यांनी दुरुस्त करता यावं म्हणून बंद पाडलं होतं.

पण या वेळी त्यांच्या घाबरण्यालाही कारण होतं. पोंगलला चेन्नईहून मुलगा मुरलीकृष्ण आला होता. जाताना म्हणाला, "अप्पा, नारळ गेले. आता हा सवुक्कु नीट आला तर इथं राहा, मी काही बोलणार नाही. हाही गेला तर तोप्पु प्लॉटवाल्यास द्यायचा आणि तुम्ही दोघांनी माझ्याकडे यायचं. सरि, ठीक आहे ना?" सुब्रह्मण्यराव "सरि" म्हणाले. ताराबाई तेव्हा आत इडलीचं पीठ काढत होत्या. त्यांना कुणी विचारलंच नाही. मुरलीच्या सातव्या मजल्यावर त्यांनी एक दिवाळी काढली होती. तांदूळ धुतलेलं पाणी हातात घेऊन त्या घरभर फिरल्या होत्या, ओतायला एक झाड सापडलं नव्हतं. शेवटी बेसिनमध्ये ओतलं, आणि ओतताना कुणाचा तरी अपमान केल्यासारखं वाटलं होतं.

म्हणून त्या वर्षी तोप्पूत पडणारी प्रत्येक सुई ताराबाईंच्या छातीवर पडत होती. बोलून दाखवीत नव्हत्या, इतकंच.

"रोग पसरेल. ढीग जाळून टाक," सुब्रह्मण्यराव म्हणाले.

"असूंदे की तसाच. चुलीस होईल."

"जाळ म्हणतो तर."

ताराबाईंनी ढीग जाळला. धुरानं डोळे चुरचुरले, पदराला वास बसला, आणि झाडाखालची जमीन कुणी पांघरूण ओढून घेतल्यासारखी उघडी पडली. दोन दिवसांत तिला भेगा गेल्या.

शेजारचं शेत वरलक्ष्मीचं. मध्ये एक बांध, बांधात एक खिंडार, आणि त्या खिंडारातून दोघी बायांची तीस वर्षांची ये-जा. एकीच्या घरी हिंग संपला की दुसरी त्यातून वाकून जाई. वरलक्ष्मी विधवा, उंच, घोगऱ्या आवाजाची. तिच्याकडे बोअर होतं, म्हणून कालव्याला पाणी यायच्या आधीच तिनं भाताच्या रोपाचा वाफा केला होता. तो नेमका सवुक्कूच्या शेवटच्या ओळीला लागून. वारा आला की सुया वाफ्यात पडत.

"ताराक्का," ती बांधावरून ओरडे, "मी भात पेरलंय की तुझी झाडं माझ्या शेतात शेवया पेरतायत? रोज वेचून वेचून कंबर मोडली. हा बघ ढीग, तुझ्या दारात आणून ओतीन एक दिवस."

"ओत की. माझा तर मी जाळला."

"जाळलास? का ग?"

"ह्यांस विचार."

सुब्रह्मण्यराव मागेच उभे होते. ढिगाकडे पाहिलं, वाफ्याकडे पाहिलं, शेवटच्या ओळीच्या तांबूस झाडांकडे पाहिलं. आणि तारेला तार जोडावी तसं त्यांनी मनात जोडलं.

"वरलक्ष्मी, खरं सांग," ते तमिळमध्ये म्हणाले, "बांधाच्या मुळाशी काय ओतलंस?"

"काय ओतलं म्हणजे?"

"तणाचं औषध. तुझ्या वाफ्यावर सावली पडते, सुया पडतात. तुज राग आहे. एकदा ओतलं असशील. मी कुणास सांगत नाही, पण कुठलं औषध ते सांग, म्हणजे उतारा करता येईल."

ताराबाईंना वाटलं, बांधानं फाटून आपल्याला आत घ्यावं. वरलक्ष्मीनं हातातला विळा चिखलात पुसला. दोन्ही बाजूंनी पुसला. मग ताराबाईंकडे पाहून म्हणाली, "ताराक्का, रायरना घरी घेऊन जा. ऊन लागलंय त्यांना." मराठी घरातल्या पुरुषांना गाव रायर म्हणे. एरवी ती "रायरे" म्हणे तेव्हा त्यात थट्टा असायची. त्या दिवशी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिंडारात करवेलाची, म्हणजे बाभळीची, काटेरी फांदी आडवी टाकलेली होती. चांगली मांडीएवढी जाड, दोन्हीकडे मातीत रोवलेली.

"बघितलंस?" सुब्रह्मण्यराव म्हणाले. "मनात चोर असल्याखेरीज वाट बंद करतं का कुणी?"

"पोदुम हो, पुरे," ताराबाई म्हणाल्या. "तोंड उघडाल तर आज स्वयंपाक नाही."

पण तोंड बंद ठेवून फॉल्ट निघत नाही. त्याच दिवशी मोपेड काढून ते ओरत्तनाडूला निघाले. ताराबाई मागे बसल्या. एकट्याला सोडलं तर काय घेऊन येईल याचा नेम नाही, म्हणून.

खताचं दुकान रमणचं. आत औषधांचा वास इतका, की जिभेवर बसे. रमण नारळाच्या औषधांत मुरलेला माणूस. गजनंतर जे नारळ वाचले होते त्यांना मुळातून औषध पाजण्यात त्याचं दुकान चालत होतं. एका हातानं मोबाइल, एका हातानं पंखा, असं त्याचं चाललं होतं.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे. सवुक्कूच्या पानाला तमिळ माणूस पानच म्हणतो, इलै. त्याला सुई म्हणायची रीत ताराबाईंच्या घरातली, घरच्या मराठीतली. सुब्रह्मण्यराव साठ वर्षं तमिळ बोलत होते, आणि छान बोलत. पण मनात घाबरले की मराठीत विचार करीत आणि शब्दाला शब्द लावून तमिळ करीत. "झाड सुया टाकतंय" हे त्यांच्या मनात होतं. सुईला ऊसि. टाकायला पोडु. तोंडातून निघालं, "सवुक्कु मरम्, ऊसि पोडुदु."

आणि तमिळमध्ये ऊसि पोडणं म्हणजे इंजेक्शन देणं.

रमणनं मान वर केली. "मरत्तुक्कु ऊसि पोडणुमा?" झाडांना इंजेक्शन द्यायचंय?

"आमा, आमा, हो, ऊसि," सुब्रह्मण्यराव म्हणाले. आपलं दुखणं समजलं म्हणून त्यांचा चेहरा उजळला. "सगळी झाडं ऊसि. काही करायला पाहिजे."

"सवुक्कूला देत नाहीत सहसा."

"आता वेळ आलीय ना तशी."

"तसं असेल तर हे घ्या." रमणनं फडताळातून बाटली काढली.

"अहो," ताराबाई मागून म्हणाल्या, "ते सुई म्हणजे ती सुई समजले. इलै म्हणा, इलै. पानं गळतात म्हणा."

"थांब ग, माप सांगतायत."

"माप कसलं? अहो, त्यांस कळलंच नाही..."

"अम्मा, थोडं थांबा," रमण म्हणाला, आणि दोघे पुरुष मापाला लागले. खोडाला भोक केवढं पाडायचं, कोनात कसं, औषध घातल्यावर शेणमातीनं कसं बुजवायचं. एकदा दोन पुरुष भोक पाडण्यावर बोलायला लागले की मध्ये देव आला तरी त्याला बाहेरच्या बाकावर बसावं लागतं. ताराबाई बाहेर जाऊन बाकावर बसल्या. बाक तापलेला होता.

परतताना मोपेडवर त्यांनी पुन्हा सांगून पाहिलं. वाऱ्यात शब्द उडून गेले. घरी सांगितलं, तर ते म्हणाले, "तो दुकानदार वेडा आहे का? रोज झाडांचंच करतो. भाषा चुकली असेल, औषध चुकतं का?"

ताराबाई शेणमाती कालवायला गेल्या.

मग सुरू झालं काम. खांबांना भोकं पाडायचा जुनं हातगिरमीट त्यांनी माळ्यावरून काढला, तेल दिलं. वैकासीचं, म्हणजे मे अखेरचं ऊन, सकाळीच अंगाला चिकटणारं. सुब्रह्मण्यराव छातीचा जोर देऊन गिरमीट फिरवीत, खोडातून ओला पांढरा भुसा भुरुभुरु निघे. झाडं जिवंत होती, भुसा ओला होता, हे ताराबाईंनी तेव्हाच पाहिलं. मग ते पिचकारीनं औषध आत सोडीत आणि ताराबाईंनी शेणमातीचा गोळा भोकावर थापायचा. हातमोजे दुकानात मिळाले होते, पण ते एकच जोड, आणि तो त्यांच्या हातात. ताराबाईंनी हाताला दुधाच्या पिशव्या बांधल्या. तरी बोटं भगभगत. जेवताना भात हातानं कालवायला नको वाटे. लग्नानंतर पहिल्यांदा त्या चमच्यानं जेवल्या.

"बघ, एकेक झाड आता निर्धास्त," ते म्हणत. घामानं बनियन पाठीला चिकटलेलं.

"तुम्ही निर्धास्त. झाडांचं काय ते झाडांस ठाऊक."

ओळीमागून ओळ झाली. शेवटची, बांधाजवळची, राहिली. तिथं वरलक्ष्मी वाफ्यात उभी राहून पाणी फिरवीत होती. तिनं एकदा या गिरमिटाकडे पाहिलं आणि पाठ केली. सुब्रह्मण्यराव त्या ओळीकडे दोन पावलं गेले आणि परत आले.

"तिच्यासमोर नको. ती गेली की बघू."

ती जाईना. ती गेली तेव्हा ह्यांची कंबर धरली. मग ती ओळ राहिली ती राहिलीच.

आठवडा गेला नसेल, झाडांचे शेंडे करपायला लागले. औषधाच्या भोकांतून तांबडा डिंक ओघळू लागला, शेणमातीचे गोळे फुगून पडले. सुब्रह्मण्यराव म्हणाले, "औषध लागू पडतंय. विष बाहेर येतंय." मुरलीचा फोन आला. झाडांचं ऐकून तो प्लॉटवाल्याला घेऊन रविवारी येतो म्हणाला. आईशी बोलला तेव्हा म्हणाला, "आई, सातव्या मजल्यावर आता लिफ्टही नवीन बसवलीय." ताराबाईंनी फोन ह्यांच्या हातात दिला.

त्या दुपारी त्या तोप्पूत एकट्याच गेल्या. जिथं सुई टोचली नव्हती त्या शेवटच्या ओळीखाली उभ्या राहिल्या. वर पाहिलं. आतल्या फांद्या तांबूस होत्याच, हात लावताच सुया सुटून खाली येत. पण शेंडा हिरवागार. नवी कोवळी सुई, डोळ्यात भरणारी. मग टोचलेल्या ओळीकडे गेल्या. तिथं उलटं. शेंडा आधी गेलेला, वाळणं बाहेरून आत येत होतं.

त्यांनी नखानं शेवटच्या ओळीतल्या एका झाडाची साल खरवडली. आत ओलं हिरवं. टोचलेल्याची खरवडली. आत चहाच्या चोथ्यासारखं.

आणि त्यांना एकदम वेदारण्यम् आठवलं. त्यांचे अप्पा तिथं मिठागराच्या कचेरीत होते. घराच्या मागे वाळू, वाळूत सवुक्कूची बनं. पंगुनी-चित्रैला, म्हणजे उन्हाळा लागला की, बाया बांबूचे दंताळे घेऊन येत आणि सुया ओढून ओढून डोक्याएवढे, डोक्याच्या दुप्पट भारे बांधीत. कुंभाराच्या भट्टीला जात ते भारे. लहानगी तारा त्यांच्या मागे पळे, एका म्हातारीनं तिला छोटा दंताळा करून दिला होता. दर वर्षी येत त्या बाया. दर वर्षी. झाडानं सुया टाकल्याच नसत्या तर त्या बाया डोक्यावर काय घेऊन गेल्या असत्या? आणि ती बनं तर तिचं लग्न होऊन ती सासरी आली तोवर तशीच हिरवी उभी होती. जुनी सुई आतली, सावलीतली. झाड ती दर साली टाकतं, नवी शेंड्याला धरतं. सगळं झाड एकदम टाकत नाही, म्हणून ते हिरवं दिसतं. आणि म्हणून लोक त्याला सदा हिरवं म्हणतात!

हे सगळं त्यांना ठाऊक होतं. साठ वर्षं ठाऊक होतं. आणि तरी त्या हाताला दुधाच्या पिशव्या बांधून शेणमाती थापत बसल्या होत्या.

घरी येऊन त्यांनी दोन फांद्या सुब्रह्मण्यरावांच्या पुढ्यात टाकल्या, वर्तमानपत्रावरच.

"ही बघा. ही आतून वाळली. हे वय. ही टोकाकडून वाळली. हे तुमचं औषध."

"कशावरून?"

"एकच ओळ जगलीय. जिथं तुम्ही गेला नाहीत ती."

सुब्रह्मण्यरावांनी चष्मा लावला. दोन्ही फांद्या उलटसुलट केल्या. फॉल्ट कुठं आहे हे कळायला त्यांना वेळ लागत नसे, तेवढं त्यांच्या नोकरीनं त्यांना दिलं होतं.

"पण रमण म्हणाला की..."

"तुम्ही रमणला काय म्हणालात? परत म्हणा. तमिळमध्ये म्हणा."

"सवुक्कु मरम् ऊसि..." ते थांबले.  मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "अय्यो."

त्यांनी दोन्ही फांद्या उचलून बाजूला ठेवल्या. मग म्हणाले, "आता काय करायचं?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदा विचारला. ताराबाईंना हसावं की रडावं कळेना. "पाणी. मुळाशी भरपूर पाणी, म्हणजे विष पातळ होऊन जी वाचतील ती वाचतील. आणि त्या सुया खाली पसरायच्या. जाळायच्या नव्हत्या त्या. झाड स्वतःचं अंथरूण स्वतःच घालतं, आपण ते काढलं."

"कालव्यास पाणी कुठं आहे?"

"वरलक्ष्मीच्या बोअरला आहे."

सुब्रह्मण्यराव उठले, शर्ट घातला, परत काढला, धोतर नीट केलं. पुन्हा शर्ट घातला. बांधापर्यंत ताराबाई त्यांच्या मागून गेल्या. पुढे गेल्या नाहीत.

वरलक्ष्मी वाफ्यात वाकलेली होती. वर न पाहता म्हणाली, "रायर आलेत. मी आणखी काय ओतलं?"

"तू काही ओतलं नाहीस. मी ओतलं."

ती सरळ झाली. सुब्रह्मण्यरावांनी सांगितलं. दुकानात काय म्हणालो, तो काय समजला, गिरमीट, पिचकारी, सगळं. सांगताना ते काटेरी फांदीच्या पलीकडे हात बांधून उभे होते. वरलक्ष्मी ऐकत होती. गोष्ट "ऊसि पोडुदु"पर्यंत आली आणि तिचं तोंड वाकडं झालं, मग ती बांधावर बसली, आणि हसायला लागली ती खोकला येईपर्यंत. डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "परत म्हणा, रायरे. एकदा परत म्हणा."

"सवुक्कु मरम् ऊसि पोडुदु," सुब्रह्मण्यराव मान खाली घालून म्हणाले.

"अय्यो, ताराक्का! तीस वर्षं या माणसाबरोबर कशी राहिलीस ग?"

"चाळीस," ताराबाई पलीकडून म्हणाल्या.

"पाणी देते. पण शेवटच्या ओळीच्या खालच्या फांद्या छाटा, माझ्या रोपाला ऊन मिळू दे. आणि सुया पाहिजेत म्हणता? हा माझा ढीग घेऊन जा. वेचून वेचून ठेवलाय, तुमच्या दारात ओतायला."

"आणि ही फांदी?"

"ज्यानं टाकायला लावली त्यानं काढावी."

सुब्रह्मण्यराव वाकले, दोन्ही हातांनी ओढली. फांदी निघाली आणि एक काटा त्यांच्या तळहातात रुतून राहिला. त्यांनी तोंड वाकडं केलं.

"रायरे," वरलक्ष्मी म्हणाली, "ऊसि पोट्टाच्चा?" इंजेक्शन झालं का?

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिचा पंप चालला. ढीग टोपल्यांनी वाहून तिघांनी झाडांखाली पसरला. रविवारी मुरली प्लॉटवाल्याला घेऊन आला. टोचलेल्या ओळी उभ्याच्या उभ्या करपलेल्या. मुरली म्हणाला, "अप्पा, ठरलं होतं ना आपलं?"

"झाडं जगली नाहीत तर, असं ठरलं होतं," सुब्रह्मण्यराव म्हणाले. "झाडं जगत होती. मी मारली. ती ओळ बघ, जिथं मी पोचलो नाही ती." मग बायकोकडे पाहिलं आणि म्हणाले, "हिला विचार. मागच्या वेळी विचारायचं राहिलं."

मुरलीनं आईकडे पाहिलं. ताराबाई म्हणाल्या, "मी कुठं जात नाही. तुम्ही कॉफी घेऊन जा." प्लॉटवाल्यानं कॉफी घेतली, छान आहे म्हणाला.

टोचलेली झाडं बहुतेक मेली. मधली काही पाण्यानं धरली. मेलेली तोडली तेव्हा वरलक्ष्मीच्या नातवाचे कान टोचायचे होते. मांडवाचे खांब तेच झाले. त्या जागी पावसाळ्यात पुन्हा रोपं लावली. मुरली अजून चेन्नईलाच आहे, पोंगलला येतो आणि लिफ्टची गोष्ट काढत नाही. प्लॉटवाल्यानं हमरस्त्याच्या कडेला दुसरी जमीन घेतली. रमणच्या दुकानात आता कुणी झाडाबद्दल बोलायला गेलं की तो आधी विचारतो, "इलैया, ऊसिया?" पान की इंजेक्शन? का विचारतो ते त्याचं त्यालाच ठाऊक.

सुब्रह्मण्यरावांनी त्यानंतर दोन चित्रै पाहिले. सुया गळायला लागल्या की ते मागे हात बांधून शेवटच्या ओळीखाली उभे राहत. हात मागे बांधल्याशिवाय त्यांना काही न करणं जमत नसे. पलीकडून वरलक्ष्मी विचारी, "रायरे, मरम् काय करतंय?" आणि ते म्हणत, "ऊसि पोडुदु." गेल्या मार्गशीर्षात ते गेले. तंजावूरच्या इस्पितळात शेवटच्या दिवशी नर्स सुई घेऊन आली, तेव्हा ताराबाईंकडे पाहून त्यांनी भुवई उडवली. ती थट्टा त्या दोघांनाच कळली.

या वर्षीही चित्रैत झाडं आतून तांबूस झाली. ताराबाई झाडू घेऊन जातात आणि फक्त वाटेवरच्या तेवढ्या लोटतात, बाकी राहू देतात. खिंडार उघडंच आहे. वरलक्ष्मीची कंबर आता वाकलेली आहे, पण आवाज तोच. सकाळी ती बांधावरून ओरडते, "मरम् काय करतंय ग?"

ताराबाई झाडू टेकून सरळ होतात, आणि म्हणतात, "ऊसि पोडुदु."